बारा गडांचं पाणी

११ जुलै २०२५ला पॅरिसच्या बैठकीत बारा किल्ल्यांची नावं जागतिक वारशाच्या यादीत गेली आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक भटक्या टोळक्याने त्याच संध्याकाळी एकच बेत केला असणार: वर्षभरात बाराही करायचे. आम्हीही केला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि थेट तमिळनाडूतली जिंजी. यातले निम्मेअधिक आम्ही कॉलेजात असतानाच पालथे घातलेले. तेव्हा गड ‘मारायचा’ असे, म्हणजे धापा टाकत वर जायचं, बुरुजावर फोटो काढायचा आणि शेवटची एसटी चुकू नये म्हणून धावत खाली यायचं. पन्नाशी उलटल्यावर तेच पुन्हा करण्यात काय अर्थ?

अट घातली ती आमच्यातल्या भूशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीने. तिला आम्ही सगळेच ‘बाई’ म्हणतो, तिचा नवराही. ती म्हणाली, “यायचं तर एका बोलीवर. प्रत्येक गडावर आधी पाणी बघायचं. दरवाजे-बुरूज नंतर.” कुणी फारसं मनावर घेतलं नाही, पण विरोधही केला नाही. बाईंना विरोध करून उपयोग नसतो हे पस्तीस वर्षांत सगळ्यांना कळलेलं आहे.

बाकीची मंडळी अशी. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला एक जण, वर्गणी आणि हिशोब त्याच्याकडे. एक डॉक्टर, जो प्रत्येक चढावर थांबून स्वतःचीच नाडी बघतो. एक मुंबईकर, ज्याला पुण्याहून निघणारी प्रत्येक गाडी उशिरा निघते असं वाटतं (आणि ते खरं आहे). आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेला, चढायला सक्त मनाई असलेला एक मित्र. तो प्रत्येक वेळी आला आणि प्रत्येक वेळी पायथ्याच्या गावात बसून राहिला. वर्षभरातली सगळ्यात कामाची माहिती त्याच्याच वहीत सापडते.

सुरुवात साल्हेरपासून केली, दिवाळी उरकल्यावर. १५६७ मीटर उंचीचा हा राज्यातला सर्वांत उंच किल्ला. शिखरांमध्ये त्याच्या वर फक्त कळसूबाई. १६७२ साली इथे मराठ्यांनी मुघल फौजेला उघड्या मैदानात हरवलं. नाशिकमार्गे सटाणा, तिथून वाघांबे, मग साल्हेर आणि सालोट्याच्या मधली खिंड. कातळातल्या पायऱ्या, एकामागून एक दरवाजे, कड्याच्या पोटातून जाणारी आडवी वाट आणि मग एकदम पठार. पठारावर गंगासागर तलाव. वर परशुरामाचं मंदिर. इथूनच बाण मारून त्याने कोकणची भूमी मागे हटवली अशी कथा. डॉक्टर लगेच मंदिराकडे निघाला, तर बाईंनी त्याला हाताला धरून मागे आणला.

“हे पाणी इतक्या वर कुठून येतं, सांग.”

“पावसाचं. दुसरं कुठून येणार?”

“पावसाचं आहेच. पण ते थांबलं कसं?”

मग वर्ग भरला. सह्याद्री म्हणजे लाव्हाचे एकावर एक साचलेले थर. काही घट्ट, काही फुगेफुगे असलेले, पाणी पिणारे. दोन थरांच्या मध्ये कुठेकुठे लाल मातीचा पातळ पट्टा असतो, त्यातून पाणी सहसा खाली उतरत नाही. वरून मुरत आलेलं पाणी या पट्ट्याशी अडतं, आडवं सरकतं आणि कड्याच्या पोटातून झिरपतं. जुन्या कारागिरांनी नेमकी ती ओल हेरून तिथे छिन्नी लावली. टाक्यातून निघालेला दगड तटाला गेला, म्हणजे एका खोदकामात दोन कामं. काही टाक्यांना आत खांब ठेवून वर कातळाचंच छत सोडलंय. सावली राहिली की बाष्पीभवन कमी. गडावर कुठे काय बांधायचं ते राजाने ठरवलं असेल, पण माणसांनी कुठे राहायचं हे पाण्याने आधीच ठरवून टाकलेलं होतं. त्या दिवसापासून गड चढताना आमच्या माना कड्यावरच्या लाल रेघा शोधू लागल्या.

संध्याकाळी खाली उतरलो, तर गुडघेवाल्या मित्राने वाघांब्यात एका घरी चुलीपाशी बैठक जमवलेली. घरातल्या मावशींनी त्याला सांगितलं होतं की गडावर पाणी आहे, आमच्या विहिरीला मात्र उन्हाळ्यात तळ दिसतो. त्याने ते वहीत लिहून घेतलं होतं. पुढे जवळपास प्रत्येक पायथ्याच्या गावात त्याने हेच वाक्य लिहिलं, फक्त महिना बदलत गेला.

पाण्याच्या या वेडाला ग्रंथाधार मिळाला तो राजगडाच्या वेळी. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांचं प्रकरण आहे, बँकवाल्याने ते गाडीत मोठ्याने वाचून दाखवलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा हा ग्रंथ सांगतो की गड बांधण्याआधी पाणी पाहावं. नसेल आणि जागा तर हवीच असेल, तर कातळ फोडून टाकी-तळी करावीत. एक झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण लढाईत तोफांच्या धक्क्याने झरे आटतात. राखणीचं पाणी वेगळं असावं. हे वाचल्यावर मुंबईकर गप्प झाला. एरवी तो वाचन सुरू झालं की झोपतो.

गुंजवण्याहून चोरदिंडीने राजगड चढलो. शेवटच्या अरुंद पायऱ्या संपवून दिंडीतून वाकून आत शिरलं की समोर पद्मावती तलाव. छातीचा भाता झालेल्या माणसाला हे पाणी इतक्या नेमक्या जागी भेटतं की वाट आणि तळं एकाच माणसाने आखली असावीत असं वाटतं. पंचवीसेक वर्षं ही राजधानी होती. बालेकिल्ल्यावर चंद्रतळं आहे, माच्यांवर टाकी आहेत. रात्री पद्मावती माचीवर मुक्काम होता, आणि तिथे आमचं पहिलं मोठं भांडण झालं. विषय: शेकोटी. डॉक्टरला हवी होती, बाईंना नको होती. वाळकं गवत आणि कारवी असलेल्या डोंगरावर कुणी शेकोटी करत नाही, असं बाईंचं म्हणणं. शेकोटी झाली नाही. डॉक्टर दुसऱ्या दिवशी सुवेळा माचीवरच्या नेढ्यापर्यंत कुणाशी बोलला नाही. नेढ्यातल्या वाऱ्याने त्याची टोपी उडाली, सगळे हसले, तोही हसला, आणि विषय संपला. या वयातल्या मैत्रीचं एक बरं असतं, भांडण दरीत टाकायला निमित्त पुरतं.

जानेवारीत जिंजी. पुण्याहून चेन्नईची गाडी, तिथून तिंडिवनम, मग बस. सह्याद्रीची सवय असलेल्या डोळ्यांना पहिल्यांदा काही कळतच नाही. कडे नाहीत, थर नाहीत. ग्रॅनाइटचे घरांएवढे गोटे एकमेकांवर कसेबसे तोललेले. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग अशा तीन टेकड्या आणि त्यांना जोडून घेणारी तटबंदी. बाईंची लाल रेघ इथे कामाची नव्हती. ग्रॅनाइटच्या भेगांत आणि खोलगट भागांत जे पाणी साचतं तेवढंच. बाकी सगळं तलाव बांधून साठवायचं आणि खेळवायचं. कल्याण महालापर्यंत मातीच्या नळांनी पाणी आणलेलं होतं, शेजारी हत्तींचं तळं आहे. राजगिरीच्या माथ्यावर जायचं तर शेवटी एक खोल फट ओलांडावी लागते. तिथल्या पुलावर डॉक्टरने नाडी बघितली नाही, डोळेच मिटले.

१६७७ला शिवाजी महाराजांनी ही जागा घेतली. बारा वर्षांनी रायगड वेढ्यात सापडला तेव्हा राजाराम महाराज तिथून निसटले आणि मजल-दरमजल करत इथे पोचले. जिंजी मराठ्यांची राजधानी झाली आणि मुघल सरदार झुल्फिकारखानाने तिला वेढा घातला, तो सुमारे आठ वर्षं चालला. १६९८ला गड पडला, पण राजा हाती लागला नाही. आठ वर्षं! त्या काळात इकडे महाराष्ट्राचा कारभार सांभाळणाऱ्यांत होते रामचंद्रपंत, ज्यांचा ग्रंथ आम्ही राजगडच्या गाडीत वाचला तेच. पाण्याचं ते प्रकरण लिहिणाऱ्याने वेढा म्हणजे काय हे पुस्तकातून शिकलेलं नव्हतं.

गावात चहाच्या टपरीवर आम्ही शिवाजी महाराजांचं नाव काढलं. टपरीवाल्याने मान डोलावली आणि सांगितलं ते राजा देसिंगबद्दल. अर्काटच्या नवाबाशी लढताना १७१४ला तरुणपणी मारला गेलेला हा बुंदेला राजपूत तिथल्या लोककथांचा नायक आहे. एका गडावर विजयनगरच्या नायकांपासून इंग्रजांपर्यंत कितीतरी जण राहून गेले. आपण शोधत गेलो ते आपलं पान, त्यांच्या तोंडी मात्र दुसरंच पान. मुंबईकराला याचं थोडं वाईट वाटलं. मला नाही वाटलं. आपल्याकडेही गडावर सातवाहनांची टाकी दाखवली तर लोक पुढे चालू लागतात.

सातवाहनांचा विषय शिवनेरीला निघालाच. १९ फेब्रुवारीची गर्दी ओसरल्यावर एका बुधवारी जुन्नर गाठलं. जन्मस्थानाची वास्तू, शिवाईचं मंदिर, सात दरवाजे सगळ्यांना माहीत असतात. पण हा डोंगर महाराजांच्या जन्माआधी दीड हजारांहून अधिक वर्षं वापरात होता. नाणेघाटातून वर येणारा व्यापार, त्यावर पोसलेले विहार, आणि त्या भिक्षूंसाठी कातळात कोरलेली टाकी. गंगा-जमुना टाक्यांतलं पाणी बारमाही. दुसऱ्या दिवशी यादीत नसलेल्या चावंडवर गेलो, तर तिथे सात टाक्यांचा समूह, सप्तमातृकांच्या नावाने ओळखला जाणारा. अख्ख्या गडावर आम्ही आणि एक गुराखी. यादीत नाव नसण्याचे फायदेही असतात.

मार्चमध्ये कोकण. सिंधुदुर्गाचं कोडं सगळ्यांत अवघड. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर १६६४च्या नोव्हेंबरात काम सुरू झालं. चारी बाजूंना खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या विहिरी. नावाडीदादांनी हा चमत्कार म्हणून सांगितला. बाईंनी त्यांना मध्ये तोडलं नाही. परतीच्या बोटीत आम्हाला सांगितलं. बेटावर पडलेला पाऊस खाली मुरतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते खाली घुसलेल्या समुद्राच्या पाण्यावर तरंगत राहतं. हळूहळू, लागेल तेवढंच काढलं तर टिकतं. पंप लावून उपसलं तर खालचं खारं पाणी वर चढतं. अनेक बेटांवर विहिरी गोड राहतात त्या याच जोरावर. बँकवाल्याने याला ‘मुद्दल न मोडता व्याजावर राहणं’ म्हटलं आणि वर्षभरातला त्याचा हा एकमेव विनोद आम्ही मान्य केला.

विजयदुर्गाला पाणी बाजूला राहिलं, कारण तिथे एक जुना वाद उकरायचा होता. गडावर ‘साहेबाचे ओटे’ आहेत. सांगितलं जातं ते असं की १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने इथून हेलियमचा शोध लावला. त्या दिवसाचा इथे दरवर्षी उत्सवही होतो. ग्रहण खरं, तारीख खरी. पण त्या दिवशी सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहणारा फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होता आंध्रातल्या गुंटूरला, आणि लॉकियर होता इंग्लंडात. त्याने ग्रहणाशिवायच तो वर्णपट पाहण्याची युक्ती ऑक्टोबरमध्ये साधली. विजयदुर्गावर लॉकियर आला, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी. हेलियमची पिवळी रेघ तोवर जुनी झाली होती. १८९५ला रॅमसेने पृथ्वीवरही तो वायू शोधून काढला होता. ओट्यांचं महत्त्व याने तसूभरही कमी होत नाही. सूर्यग्रहणासाठी दुर्बिणी घेऊन माणसं विजयदुर्गाच्या बंदरात उतरली, ही गोष्ट तिच्या खऱ्या सालासह सांगितली तरी ऐकणारा थांबून ऐकतो. आम्ही ती आमच्या वाटाड्याला सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि पुढच्या गटाला पुन्हा १८६८च सांगितलं.

एप्रिलच्या शेवटी भोरकडच्या एका लहान, यादीबाहेरच्या किल्ल्यावर गेलो, ते बघायला नव्हे तर राबायला. तिथल्या गावातली मुलं दरवर्षी पावसाआधी एकेक टाकं साफ करतात. आम्ही साखळीत उभे राहिलो, घमेली हातोहात वर जाऊ लागली. पहिल्या थरात पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, एक चप्पल. त्याखाली काळा गाळ, मग ढासळलेले चिरे, मग पुन्हा गाळ. दुपारी तळ लागला तेव्हा कातळावर छिन्नीच्या तिरक्या रेघा दिसल्या, काल मारल्यासारख्या. एक मुलगा त्यांवर हात फिरवत बसला होता. त्याला उठवायला कुणी गेलं नाही.

बँकवाल्याने टेप काढून माप घेतलं: २० फूट लांब, १५ रुंद, १० खोल. म्हणजे सुमारे ८५ हजार लिटर. शंभर माणसांची शिबंदी, माणशी रोज ५ लिटर, तर साडेपाच महिने. एका साध्या, निनावी टाक्याचा हा हिशोब. अशी टाकी त्या एवढ्याशा गडावर आणखी आहेत, सगळी मातीने भरलेली. आम्ही त्या दिवशी प्यालो ते पाणी मात्र खालून, बाटल्यांमधून वाहून नेलेलं होतं. गुडघेवाल्याने खाली नोंद केली: वाडीला टँकर एक दिवसाआड.

ही विसंगती रायगडाला आणखी बोचते. जगदीश्वराच्या मंदिरावरच्या शिलालेखात हिरोजी इंदुलकराने गडावर काय काय बांधलं ते सांगताना विहिरी आणि तळी आवर्जून मोजली आहेत. गंगासागर आजही गडाची तहान भागवतो. वर्षानुवर्षं गळणारा हत्ती तलाव दुरुस्तीनंतर पुन्हा भरू लागलाय. आणि ज्या महाड तालुक्यात हा गड आहे, तिथल्या कितीतरी वाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो, जिथे पावसाळ्यात छत्री उलटी होते. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी डोंगराच्या माथ्यावर जे जमलं, ते आज पायथ्याला, पंप आणि पाइप हाताशी असताना, जमत नाही. कारणं भूशास्त्रात शोधायची गरज नाही. टाकं खोदणाऱ्याला ठाऊक होतं की पुढच्या मे महिन्यात आपण स्वतः इथेच असणार आहोत.

प्रतापगड धुक्यात झाला. भवानीमातेचं दर्शन आणि गरम कांदाभजी, यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही. लोहगडाला मुद्दाम मंगळवारी गेलो. पावसाळ्यातल्या रविवारी तिथल्या दरवाजांत माणसांची जी कोंडी होते तिच्यात नाना फडणवीसांनी बांधलेलं सोळा कोनी तळं कुणाच्या नजरेस पडणं अवघडच. मंगळवारी आम्ही त्याच्या काठावर डबे उघडले.

पन्हाळा जुलैत, पावनखिंडीच्या वाटेने. जुलै १६६०मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले त्या रात्रीची आठवण म्हणून हजारो लोक दरवर्षी ही वाट चालतात. दोन दिवसांत पन्नासेक किलोमीटर, बहुतेक चिखलातून. निघण्याआधी अंधारबाव पाहिली. तीन मजली विहीर: खाली पाणी, वर पहाऱ्याची जागा, आणि तटाबाहेर उघडणारी चोरवाट. वेढ्यात शत्रू आधी पाण्यात विष कालवतो, म्हणून पाण्यालाच घर बांधून दिलेलं. पन्हाळा हे मुळात जिवंत गाव आहे, नगरपरिषद असलेलं. वारशाच्या यादीमुळे घराची कौलं बदलायलाही परवानगी लागेल का, ही तिथल्या लोकांची धास्ती गुडघेवाल्याने वहीत पानभर लिहून आणली. ती धास्ती निराधार ठरवणं हे सरकारचं काम आहे, आणि ते भाषणांनी व्हायचं नाही; लेखी नियम गावात लावावे लागतील.

चिखलातून चालताना मुंबईकर आणि डॉक्टर तासभर मागे पडले. दोघे एकमेकांना धरून आले तेव्हा कळलं की मुंबईकराच्या वडिलांच्या आजारपणाबद्दल ते बोलत होते. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. रोज सकाळी ग्रुपवर फुलांचे फोटो टाकणारा माणूस हे तिथे लिहीत नाही. त्याला पावसात, शेजारी चालणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता सांगता येतं.

खांदेरी आणि सुवर्णदुर्ग राहिले. दोन्हीकडे बोटीने जायचं आणि आमच्या सवडीचे दिवस नेमके भर पावसातले निघाले. हिवाळ्यात करू. हिशोबनीसाकडे शिल्लक आहे आणि तो ती परत करायला तयार नाही.

मार्च-एप्रिल मात्र आम्ही पुढच्या वर्षासाठी आताच राखून ठेवलेत. तुमच्या जवळच्या एखाद्या गडावरही टाकी साफ करणारी मंडळी असतील. त्यांच्याकडे पुरातत्त्व खात्याची परवानगी आहे का, हे आधी विचारा, कारण संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय कुदळ लावायची नसते. असेल तर एक रविवार द्या. घमेली त्यांच्याकडे असतात, हातमोजे आणि जेवणाचा डबा आपला न्यावा.